साडेपाच

तेरा वर्षांचा, मागचा पाय ओढत चालतो,
हे आधीच सांगितलं, तर चौघांनी फोन ठेवला.
पाचवीने विचारलं, "चहा पितो का?"

शरणपूरच्या रूथबाई, निवृत्त नर्स.
रिक्षात पेढ्या मांडीवर थरथरत बसला,
द्वारका सर्कलला एकदा भुंकला, उगीच.
बाईंनी चष्मा लावून त्याचे दात मोजले,
डाव्या कानापाशी टिचकी वाजवली.
"गेलाय हा. माझा उजवा गेलाय."

मी सगळं सांगितलं : गोळी गुळातून, भात मऊ,
फटाके वाजले की कॉटखाली.
सतरंजी दिली, अण्णांची.
फाटक लावताना तो माझ्याकडे नाही,
त्यांच्या हातातल्या बशीकडे बघत होता.
बरं वाटलं.
आणि नाहीही.

आठवड्याने फोन :
"रोज साडेपाचला फाटकाशी जाऊन बसतो. का हो?"

प्रेसचा भोंगा, मग अण्णांची सायकल...
नाशिकरोडचं क्वार्टर तर रंगवूनही झालं
नव्या माणसांसाठी,
आणि इतक्या लांब भोंगा ऐकू कुठला यायला.
एवढं एक सांगायचं राहिलं होतं.
आताही सांगवेना.

"असू दे," त्या म्हणाल्या,
"मीही खुर्ची तिथेच टाकते.
ती सतरंजी तेवढी
धुऊ की नको, ते सांगा."