खालच्या तारा

ओस्लौगचं व्हायोलिन तिच्या आईनं आणलं, मार्चमध्ये,
बटाट्याच्या पोत्यात घालून.
पेटीचं कुलूप चेपलं होतं, करवतीनं कापावं लागलं.
म्हणाली, एक खुंटी तुटलीय, हालग्रीम,
तेवढी बसवून दे.
बाकी त्याला काही झालेलं नाही.

खरंच झालं नव्हतं.
गाडी तीनदा उलटली त्या वळणावर,
डांबरावर दिसत नाही असल्या काळ्या बर्फावरून,
आणि याच्या माथ्यावरचा सिंह जागच्या जागी,
त्याची लाल जीभ जागच्या जागी,
कडेची शिंपल्याची नक्षी, पाठीवरच्या शाईच्या वेली,
सगळं एकोणीस वर्षांच्या पोरीनं जपावं तसं जपलेलं,
म्हणजे फारसं नाहीच:
हनुवटीखाली वॉर्निश उडालेलं,
आत, पोटात, केसांची एक पिन.
ती मी चिमट्यानं काढली,
उजेडात धरली,
आणि परत आत टाकली.

जुनी माणसं सांगायची, धबधब्यामागे एक वादक राहतो.
गुरुवारी तिन्हीसांजेला त्याला मांस नेऊन द्यायचं, तोंड फिरवून.
भरपूर असलं तर तो तुमची बोटं धरतो
आणि रक्त येईस्तोवर तारांवर घासतो.
मग तुम्ही वाजवलंत की झाडंसुद्धा जागा सोडतात.
नुसतं हाड नेलंत
तर फक्त सूर लावायला शिकवतो.
मी हाड नेलं असणार.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाद्यं लावतोय.

तिनं काय नेलं होतं कोण जाणे.
सात वर्षांची होती तेव्हा पाय जमिनीला पोचत नव्हते,
टाचेनं खुर्चीचा पायच ठोकायची.
आमच्या खोऱ्यातल्या नाचाचे तीन ठोके सारखे नसतात.
पहिला लांब, दुसरा बेताचा, तिसरा आखूड.
शहरातून आलेले अडखळतात, विचारतात, चुकलं का?
चुकलेलं नसतं.
इथे तिसरा आखूडच असतो.
हे मी कितीतरी जणांना हसत सांगितलंय.
आता सांगवत नाही.

तिची स्वतःची एकच चाल होती, बिननावाची.
दोनदाच वाजवली: एकदा गुनवोरच्या लग्नात,
एकदा इथे, माझ्या बाकावर बसून,
मी बसवलेली घोडी नीट बसलीय का बघायला.
आता गावात त्यावरून वाद.
बसवाला आयविंड शीळ घालतो, त्याची शेवटी वर चढते.
चर्चमधली सिन्नवे म्हणते, छे, खाली उतरायची,
आणि उतरता उतरता थांबायची.
दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हल्ली.
मला विचारायला येतात.
मी घोडीकडे बघत होतो, मी काय सांगू.

खुंटी एप्रिलमध्येच झाली. जर्दाळूचं लाकूड, उगाच महागातलं.
आई आली नाही.
मी निरोप धाडला नाही.
व्हायोलिन खिडकीशी टांगलंय, तिनं लावून ठेवलं होतं त्याच सुरात;
एक तार उतरली तेव्हा तीच परत तिथवर चढवली,
तेवढं येतं मला.

वर चार तारा, खाली पाच.
खालच्यांना कधी कुणी हात लावत नाही.
वरची वाजली की त्या आपसूक गुणगुणतात,
शेजारी रडू फुटलं
की आपल्या घरातलं तान्हं जागं होतं, तशा.
वरच्या आता गप्प,
पण खालच्यांना काही समजावता येत नाही.
दार आपटलं की बोलतात.
दूध सांडून मी मांजरावर ओरडलो, तर बोलल्या.

काल पोस्टमन बिलं घेऊन आला
आणि लाकडाच्या भुशानं सणसणीत शिंकला.
अख्खी खिडकी घुमली.
बराच वेळ घुमत राहिली,
शेवटी वर न जाता, खालीही न जाता.
माफ करा, म्हणाला बिचारा, नाक पुसत.
मी हातातली पटाशी खाली ठेवली.
म्हटलं,
परत शिंक.