पस्तीस पौंड

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा:
बुडाला दाते असलेलं एक वाडगं, आत उद्गारचिन्ह.
श्रीरंग म्हणतो, लक्ष देऊ नका बाबा,
थंडीनं हवा आकसते, दहा अंशाला एक पौंड,
आणि डुलुथमध्ये आज उणे बावीस आहे.
दिव्यावर त्यानं काळी टेप लावली होती.
मी ती नखानं काढली.

एकतीस वर्षं विटा डेपोत काढली मी.
पहाटे साडेचारला, पहिली मिरज सुटायच्या आधी,
हातात टॉमी आणि गाडीभोवती एक फेरी.
घाव घातला की टायर बोलायचा.
टणक आला तर जा,
भद्द आला तर थांब.
मागच्या जोडीतलं आतलं चाक फसवं,
त्याला वाकून, आत हात घालून मारावं लागे.
ड्रायव्हर हसायचे.
भिवघाट उतरून आल्यावर एकदा कदमांनी मला चहा पाजला,
कशाबद्दल ते सांगितलं नाही.

इथं प्रत्येक चाकाच्या पोटात एक यंत्र,
सुपारीएवढ्या बॅटरीवर जगणारं.
दहा वर्षांत ती मरते, चाक मुकं होतं,
आणि मुकं झाल्याचाही हाच दिवा लागतो,
फक्त आधी मिनिटभर मिचकावतो.
हा मिचकावत नव्हता.
तीन सकाळी मी घड्याळ लावून बघितलं.

चारी चाकं स्वतः मोजली:
पस्तीस, पस्तीस, पस्तीस, साडेचौतीस.
हातमोजा काढला तेवढ्यात बोटं गेली.

केतकी रोज माझ्या दंडाला पट्टा बांधते,
आकडा वहीत लिहिते.
एकशे अठ्ठेचाळीस. म्हणाली, थंडीत वाढतं बाबा.
म्हणजे टायरचं उतरतं आणि माझं चढतं.

शनिवारी टॉयवोच्या दुकानात.
सत्तरी ओलांडलेला, कानात मशीन.
रिमोटसारखं काहीतरी त्यानं चाकाचाकाला दाखवलं,
पुढचं डावं, पुढचं उजवं,
मागचं उजवं, मागचं डावं,
देवळातल्यासारखा उजवी घालून फिरला.
चार वेळा बीप. चारी ठीक.
श्रीरंगनं माझ्याकडे बघितलं.

मग टॉयवो गुडघे धरून बसला,
मिठाच्या चिखलात आडवा झाला
आणि गाडीच्या पोटाखालून मला हात केला.
मीही आडवा झालो.
श्रीरंग बाबा, बाबा करत राहिला.

वर, गंजक्या तारेला टांगलेलं
पाचवं.
चौदा वर्षांत एकदाही रस्त्याला न लागलेलं,
कारखान्यातली रबरी लव अजून अंगावर.
त्यालाही आत यंत्र, हे कुणाच्या ध्यानातच नाही.
टॉयवोनं पाना माझ्या हातात दिला.
मी मारला.
भद्द.
त्यानं तोंडानं तोच आवाज काढला
आणि हसला. पुढचे दातच नव्हते.

अकरा पौंड.
फिरणारी चार धडधाकट,
आणि हे नुसतं लटकलेलं,
हाक मारत होतं रोज सकाळी,
आम्ही आपले थंडीला नावं ठेवतोय.

परत येताना श्रीरंग म्हणाला,
पाचव्याचंही बघायचं असतं
हे मला कुणी सांगितलंच नाही.
मी काच पुसली.
मैलभरात दिवा विझला.
खाली सरोवरावर वाफ उभी होती.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
बाबा, तिकीट मेपर्यंत पुढे ढकलू या का?
म्हटलं, गोळ्या मार्चपर्यंतच्याच आहेत.
म्हणाला, बघू.
त्यानं हीटर वाढवला.
मी खिशात हात घातला,
टेपची गोळी अजून तिथंच होती,
चिकट.