डावीकडचा खडा

एकोणीस वर्षं सुपडाबाई सपकाळे
एमआयडीसीतल्या डाळमिलच्या पट्ट्यावर बसल्या.
तूरडाळ वाहायची, तिच्यातून खडा वाहायचा,
बोटांना आधी कळायचं, मग त्यांना.
नंतर रंग ओळखणारं यंत्र आलं
आणि बाई आल्या आमच्याकडे:
तीनशे रुपये, चहा, रिक्षाभाडं.

कानांत फोमचे बोळे दिले.
"जळगावात कापूस नाही मिळाला का?"
उजव्या कानामागे, जरा वर,
टोपीवर मी पेनाने खूण केली,
इंग्रजी आठासारखी कॉइल टेकवली.
टक्.
"टक् होईल हं," म्हणाले, उशिराच.
"होऊ द्या. मिलमधी याच्याहून मोठं व्हायचं."

पडद्यावर मधोमध अधिकचं चिन्ह,
नजर तिथून हलवायची नाही.
ठिपका डावीकडे, ठिपका उजवीकडे,
कधी दोन्हीकडे एकदम.
चुंबक बंद असताना दोनशेत तीन चुका,
तिन्ही वेळा खाली केळीचा ट्रक मागे येत होता.
चुंबक चालू केलं
आणि दोन ठिपके आले की डावा गळू लागला.
डोळे उघडे, बुबुळ जागेवर,
उजेड दारात येऊन उभा
आणि आत कुणी हाक ऐकत नाही.
"डावीकडे काही होतं, बाई?"
"मले तं नाही दिसलं."
मग थोडं थांबून,
"होतं का?"
आम्ही सांगायचं नसतं.
सांगितलं नाही.

बाहेर चव्वेचाळीस. कॉइल तापली,
यंत्र आपणहून थांबलं. आता अर्धा तास काही नाही.
बाईंनी चहा बशीत ओतला, नाव कसं पडलं ते सांगितलं.
आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून आजीने हिला जन्मताच सुपात ठेवलं.
"पाखडून उरली ती मी."
मी एका डोळ्याने आलेख बघत होते,
दुसऱ्याने डब्यातली खिचडी.
दुसऱ्याने म्हणजे, बघत नव्हतेच.
घास उचलला तेवढ्यात त्यांचा हात मधे आला,
डाव्या कडेला,
चिमटीत खडा.
"दात गेला असता, ताई."

माझ्या डोक्याला
कुणी काहीच लावलं नव्हतं.

साडेचारला सही केली, पाकीट कमरेला खोचलं.
दारातून म्हणाल्या,
"येते. लक्ष असू द्या."
मी टोपी पुसत होते.
हो म्हणाले.
म्हणाले असेन.