एक्केचाळीसावी ओळ

ऋत्विजा विचारते, मावशी, घेऊ का कन्सल्टिंग?
बाणेरच्या हॉटेलात, डोशाची कुरकुरीत कड मोडत,
जसं कुणी विचारावं, हा रंग जातो का मला.
दुसरी ऑफर चाकणची, प्लांटमधली,
पगार निम्मा, आणि कंपनीच्या बसनं जायचं.
"नंतर फायदा होतो ना पण? सगळे म्हणतात."

सगळे म्हणतात त्यात तथ्य आहे.
माझं कर्ज एकवीस महिन्यांत फिटलं.
बँकेतल्या पानसेबाईंनी पेढे मागितले,
मी ते कुरिअरनं पाठवले, कर्वेनगरातून कर्वेनगरात,
कारण सोमवारी पहाटे लोहगाव, गुरुवारी रात्री लोहगाव,
आणि मधल्या शहरांच्या मला फक्त लिफ्ट आठवतात.

शिकले. नाही कसं म्हणू?
ठाऊक नसलेल्या धंद्यावर
पापणी न हलवता अर्धा तास बोलायला शिकले.
पन्नाशीच्या माणसाला सर म्हणत
त्याच्या खुर्चीची किंमत काढायला.
कुठलीही गोष्ट तीन मुद्द्यांत सांगायला.
आई गेली त्या रात्री नातेवाइकांना फोन केले:
कधी, कुठून, किती वाजता न्यायचं.
काका म्हणाले, किती धीराची पोर.

तिसऱ्या वर्षी मात्र काम घराजवळ आलं, चाकणलाच.
दोनशे बारा नावांची शीट.
ओळ एक्केचाळीस: खांदवे एस. डी., टूल रूम, वय ४९.
मी ती लाल केली.
लाल म्हणजे काय, ते खाली कोपऱ्यात
बारीक अक्षरांत लिहिलं होतं.
त्या वर्षीचा बोनस चांगला होता.
वारज्याचा फ्लॅट त्यातलाच,
तुला आवडते ती बाल्कनी धरून.

आणि नंतर, तू विचारतेस ते नंतर,
तेही आलं वेळेवर.
मुलाखतीत समोरच्यानं जुन्या कंपनीचं नाव वाचलं
आणि कागद खाली ठेवला, पुढचा वाचलाच नाही.
अडतिसाव्या वर्षी अख्खा प्लांट माझ्याकडे.
पहिल्याच आठवड्यात डाय तडकली.
परचेसवाले म्हणाले, ही भोसरीत होईल,
फक्त खांदवेंकडे.

पत्र्याची शेड. कुलंटचा वास.
हात पुसत आले, बघत राहिले.
"तुम्ही त्या निळ्या बॅगवाल्या.
तीन आठवडे माझ्या मशीनमागं उभ्या होता.
चहा घेत नव्हता."
मला वाटलं आता बोलतील. बोलले,
"आकडे बरोबर होते तुमचे.
मी असतो तरी तेच केलं असतं.
फक्त ती डाय मी काय करून टिकवतो,
ते एकदा विचारायचं राहिलं तुमचं."
मग शंभर टक्के आगाऊ मागितले.
घासाघीस मला येते, त्याचाच तर पगार घेतला इतकी वर्षं.
मुकाट्यानं चेक लिहिला.
त्यांनी तो उजेडात धरून तारीख तपासली.

डोसा निवला.
ऋत्विजाला लोहगावच्या विमानांच्या वेळा पाठ आहेत,
चाकणची बस कुठून सुटते ते माहीत नाही.
म्हणजे ठरलंय तिचं. घेऊ दे.
मी तरी कुठं म्हणतेय, नको होतं म्हणून?
त्या बाल्कनीत रोज बसते मी.

एवढंच म्हटलं, कारखान्यात कुणी चहा दिला
तर घेत जा. उभ्यानं नाही, बसून.

तिनं ते फोनमध्ये टिपून घेतलं, मुद्दा एक,
आणि वर बघितलं,
दुसऱ्यासाठी.