ड्रायरची आणखी वीस मिनिटं

ड्रायर थांबला, की मी त्याला आणखी वीस मिनिटं देते.
कपडे मघाशीच वाळलेत.
पण त्याची घरघर वरपर्यंत जाते तोवर
मला कुणी हाक मारत नाही.

आयडाहोत, बटाट्याच्या शेतांमध्ये आमचं घर.
बाहेर बर्फ दगडासारखा झालाय.
डेल रात्रपाळीला, बीटसाखरेच्या कारखान्यात.
वर तीन मुलं झोपलेली, किंवा झोपल्यासारखी.
चौथा, ओरिन, बोलिव्हियाच्या डोंगरात कुठेतरी
छातीवर काळी नामपट्टी लावून
दारोदार आमचा धर्म सांगत फिरतो.
सोमवारी फोन करतो.
म्हणतो, कुत्री फार आहेत इथे, आई.
आणि लगेच, पण लोक चांगले आहेत.
मला आठवडाभर कुत्रीच दिसतात.

तर शनिवारी, मोज्यांच्या ढिगाशेजारी,
टॅब्लेट साबणाच्या डब्याला टेकवून
मी भुताचा सिनेमा लावते.
एका कानात हेडफोन, दुसरा कान जिन्याकडे.

नवऱ्याला ठाऊक आहे. देवालाही, अर्थात.
सिस्टर ऑल्ड्रिजला नाही.
जेलीचं भांडं परत न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं,
"मार्लिस, विरंगुळ्याला तू बघतेस तरी काय गं?"
मी म्हटलं, केकच्या स्पर्धा.
अगदीच खोटं नव्हतं. एक पाहिली होती,
दाढ काढली त्या दिवशी, गुंगीत.

प्रेमाचे सिनेमे मला झेपत नाहीत.
ती शहरातून गावी येते, बर्फ पडतो, त्याच्याकडे एक कुत्रा असतो.
पुढचं मी भांडी घासता घासता सांगेन.
पण एखादं ओसाड घर दाखवा, खाली जाणारा जिना,
आणि एखादी बाई, जिच्या हातात टॉर्च आहे
आणि डोक्यात काडीची अक्कल नाही.
मोजा हातात तसाच राहतो.

पडदा मध्येच पांढरा होतो, तेव्हा समोरच्या फळ्यांवर
पीचच्या बरण्या उजळतात. अठ्ठावन्न. मीच भरलेल्या.
खाली गव्हाच्या बादल्या, वाईट दिवसांसाठी.
वाईट दिवस आलाच, तर निदान
गोडाचं होईल.

सकाळी मी प्रार्थनेत बारीकसारीक मागते,
गाडीची काच खरवडून होईतो आठवेल तेवढंच.
ब्रिगचा दमा. बीटचा भाव.
ओरिनच्या पोटऱ्या, कुत्र्यांपासून.
मग थांबते. उत्तराला जागा ठेवावी,
असं रविवारच्या वर्गात मीच मुलांना शिकवते.
लांबून एक ट्रक जातो.
मी आमेन म्हणते, आणि आत येऊन अंडी फोडते.
तक्रार नाही ही.
पण पडद्यावर दार करकरलं, तर
मागं कुणीतरी असतं. दर वेळी.
एवढी खात्री मला आठवड्यातून दीड तास मिळाली
तर कुणाचं काय जातं?

आज जिना खरोखरच वाजला.
लिनीया. नऊ वर्षांची. अंगात भावाचा स्वेटर,
एकाच पायात मोजा, दुसरा माझ्या हातात.
टॅब्लेट उपडा करायला मला उशीर झाला.
तिनं पाहिलं. तळघर, टॉर्च, बाई.
"मेली का ती?"
"अजून नाही."
"एकटी खाली कशाला गेली पण?"
"कपडे वाळले का बघायला गेली असेल."

ती ढिगात शिरली, ऊन ऊन टॉवेल पायांवर ओढला.
मी म्हणायला हवं होतं, जा, झोप,
उद्या उपासाचा रविवार, नऊला चर्च.
तीच म्हणाली, "उद्या उपास,
म्हणजे आज पॉपकॉर्न चालेल."
अकरा चाळीस झाले होते.
माझा उपास तसा रात्रीच्या जेवणानंतरच सुरू झालेला.
पण लेकराला एकटीला खायला लावणं,
तेही कुठल्या शास्त्रात बसतं?

वाटी मध्ये ठेवली. दुसरा हेडफोन तिच्या कानात दिला.
दार करकरायला लागलं.
तिनं माझं मनगट पकडलं, मिठाच्या बोटांनी.

ड्रायर थांबला.
दोघींतलं कुणीच उठलं नाही.