पंधरा दिवस

दापोलीच्या पोराने बजावलंय:
पंधरा दिवस खारं पाणी नाही, ऊन नाही,
खाजवायचं तर नाहीच.

म्हणून हर्णैच्या जेटीवर
पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून
दुसऱ्यांची जाळी सांधतोय.
बर्फाचं पाणी वाहत आलं की
पाय राहू देतो, हात उचलतो.

बिनवासाचा साबण. टिपायचं, पुसायचं नाही.
मलम जरासंच.
आमची ही म्हणते, होडीला एवढं जपलं असतंत
तर विकावी लागली नसती.

सातव्या दिवशी बोयटाचे सुटावेत
तसे खवले सुटले.
झोपेत नख लागलं.
‘हेमांगी’वरचं टिंब गेलं.

पोरगा म्हणाला, या, भरून देतो, फुकट.

गेलो नाही.
नाळीवरचंही टिंब
खाऱ्या वाऱ्याने असंच खाल्लेलं;
रंगवू, रंगवू म्हणता
राहिलं.