झडती

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात
मी पासपोर्ट बांधले.
कोरे. नाव नाही, फोटो नाही,
नुसती पानं आणि मधोमध शिवण.
माझा स्वतःचा काढायचा राहूनच गेला.

सुटताना गेटावर झडती.
खिसे, डबा, डब्याचं झाकण,
एकदा तर गांगुर्ड्याच्या तोंडातलं पान.
आणि वर ट्यूबच्या पट्टीला उलटी चिकटून ती,
पोटातली दोन अंडी उजेडात आरपार दाखवत
निवांत.
तिला कोणी काही विचारलं नाही.

पाल अंगावर पडली तर काय, ते पंचांगात असतं.
उजव्या खांद्यावर हे, डाव्या पायावर ते.
ती स्वतः कुठे कुठे जाऊन पडली
ते मात्र कुठल्या पानावर नाही.
लाकडाच्या पेटीत, गोणपाटाच्या घडीत,
कुणाच्या तरी ट्रंकेखाली,
साखरफुटाण्याएवढी अंडी,
खाऱ्या वाऱ्यालाही न बधणारी.
आधी गलबत, मग आगबोट, आता कंटेनर.
मोंबासा, मनिला, पनामा.
भिंत मिळाली, दिवा मिळाला, दिव्यावर चिलटं;
झालं घर.
भाषा बदलावी लागली नाही,
मुळात शब्दच एक.

मयूरा डार्विनला नर्स आहे.
तिचा पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा
मी फोटो पाहिला नाही, आधी शिवण पाहिली.
टाके सरळ होते.

परवा फोनवर म्हणाली,
बाबा, इथे पाली आहेत, आपल्यासारख्याच.
इथले लोक त्यांना एशियन म्हणतात,
बाहेरून आल्या म्हणतात, इथल्यांना हाकललं म्हणतात.
मग तू काय म्हणतेस, मी विचारलं.
मी कशाला काय म्हणू? ड्युटी असते मला.

आमच्याकडे सातचा सुमार, तिच्याकडे अकरा.
पुढच्या दिवाळीला येते, नक्की, ती म्हणाली
आणि चुक् चुक् चुक्.
तिच्या भिंतीवर की आमच्या, कळेना.
मंदाकिनीने फरशीवर बोटाने तीनदा टकटक केलं,
कृष्ण कृष्ण.
फोनमधूनही टकटक आली,
तीनदाच,
लाकडावरची असावी.

मी वर पाहिलं.
ट्यूब लावायचीच राहिली होती.